ओ दे की

आमच्या घरात गप्प बसण्याची चालच नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराई नसली की ते सकाळी मोरीजवळच्या स्टुलावर बसून तीच वरातीतली गाणी इतकी लांबवून, इतकी आर्त करून वाजवायचे की शेजारची म्हैस पान्हा चोरायची. हे मी बनवून सांगत नाही. म्हशीच्या मालकाने दारात येऊन तशी तक्रार केली होती, आणि आबांनी ती कौतुक म्हणून घेतली होती. आत आईची भाकरी थापल्याचा आवाज, तव्यावर मिरच्या पडल्या की सगळ्या घराला एकदम येणारा ठसका, मग खर्डा रगडल्याचा आवाज, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे माझा थोरला भाऊ विलास, आमचा दादा. दादा हसला की आमच्या घराचा पत्रा वाजायचा. लोक पाऊस आला म्हणून वर बघायचे, असं आबा सांगायचे. आबा थोडं वाढवून सांगायचे. तो गुण घरात कुणाकडे गेला, ते वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

आईच्या तोंडात एक शब्द कायम असायचा: मुडद्या. कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांनी दचकू नये. शब्दकोशात त्याचा अर्थ काहीही असो, आमच्या गल्लीत त्याला अर्थ नव्हता, नुसती माया होती. सकाळी उठवताना ‘ऊठ रं मुडद्या’, भाकरीवर लोणी ठेवताना ‘खा मुडद्या’. दादा सैन्याच्या भरतीत निवडला गेला आणि धावतपळत दारात आला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं आणि रडत रडत म्हणाली, ‘‘खरंच घेतलं व्हय रं तुला, मुडद्या?’’ त्याहून मोठा आशीर्वाद तिला येत नव्हता. आणि तिच्या हाकेचा एक नियम होता. हाक ऐकली की आधी ओ द्यायची, मग यायचं की नाही ते बघू. ओ दिली नाही तर ती थांबायची नाही. ‘‘ओ दे की, मुडद्याऽऽ!’’ ही आरोळी पार तालमीच्या चौकापर्यंत जायची. गल्लीतल्या सगळ्या पोरांना ती आपल्यालाच आहे असं वाटायचं, कारण प्रत्येकाच्या आईची आरोळी तीच होती.

मी त्या आरोळीवर पोट भरायला लागलो. विशीत आलो तेव्हा राजाभाऊंच्या ऑर्केस्ट्रात नकलाकार होतो. दोन गाण्यांच्या मध्ये गायिका पाणी पिते, ढोलकीवाला ढोलकी कसतो, तेवढ्या वेळात मी पुढे जाऊन म्हैस, सुरू न होणारी एसटी, आणि शेवटी ‘आई पोराला जेवायला हाक मारते’ असा क्रम करायचो. गणपतीत या शेवटच्या नकलेला लोक खुर्च्या वाजवायचे. आई एकदा बायकांत बसून बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, ‘‘मी काय अशी वरडती व्हय?’’ आणि हे तिने इतक्या मोठ्याने विचारलं की वरच्या आळीतला कुत्रा भुंकला.

मग त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई लागली आणि दादाची पलटण वर गेली. शेजारच्यांच्या टीव्हीपुढे गल्ली गोळा व्हायची. पडद्यावर नुसते काळे डोंगर आणि धूर. त्या दिवसांत घरात एक बदल झाला, तो मला जरा उशिरा कळला. आईने तो शब्द टाकला होता. कुणी सांगितलं नव्हतं, काही नाही. मला ‘सुनील’ म्हणायला लागली. माझं हे नाव शाळेच्या दाखल्याबाहेर पहिल्यांदाच कुणी घेत होतं, त्यामुळे मी दोनदा ओच दिली नाही. आबांनी क्लॅरिनेट पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलं. म्हैस भरपूर दूध द्यायला लागली असावी, पण तिच्या मालकानेही पुन्हा तोंड दाखवलं नाही.

लढाई संपली. पेढे वाटले गेले. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर दादाचा फोन आला आणि आई पिठाचे हात तसेच घेऊन धावली. मी मागे उभा. ती बोलत राहिली, जेवलास का, लागलं का कुठं, कधी येतोस, आणि मध्ये मध्ये थांबून ऐकत राहिली. मग रिसीव्हर माझ्या कानाला लावला. पलीकडे वारा होता आणि दादाचा श्वास होता. ‘‘दादा?’’ मी म्हटलं. ‘‘हुं,’’ तो म्हणाला. एवढंच. पुढच्या फोनलाही हुं. त्याच्या पुढच्यालाही. आबा म्हणायचे, लाइन खराब असती तिकडची. ज्या माणसाच्या हसण्याने पत्रा वाजायचा, त्याचा आवाज लाइनीत अडकत नाही, हे आईला कळत होतं.

दिवाळीच्या आधी राजाभाऊ सांगत आले की जवानांच्या करमणुकीसाठी वर जायचं बोलावणं आहे, आणि पलटण आपल्या मराठी पोरांची आहे. कुठली, ते मी विचारलं. दादाचीच. आईने खर्ड्याची बरणी भरली, लाडू बांधले, आणि पिशवी माझ्या हातात देताना पिशवी सोडलीच नाही. आम्ही दोघं तिला धरून उभे. ‘‘त्येला बोलता कर,’’ ती म्हणाली. ‘‘तुला लोकं पैसं देत्यात ना लोकांना हसवायचं? मग त्येला हसवून दाखव. आन् न्हाय जमलं तर हितं येऊन मला खरं सांग. नकला करू नगंस माझ्याम्होरं.’’

प्रवासाचं वर्णन करायला घेतलं तर मी दोन प्रकरणं सहज खाईन, म्हणून आवरतो. आगगाडी, मग आणखी एक आगगाडी, मग लष्कराचे ट्रक, आणि मग अशी हवा की राजाभाऊ आपल्या कुरळ्या टोपासकट धापा टाकत म्हणाले, ‘‘इथली हवा कुणी काढून घेतली रं?’’ आमच्या गायिका शैलाताई, ज्यांचा सूर गांधी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा, त्या अर्ध्या ओळीवर श्वास घ्यायला थांबायच्या. ढोलकी थंडीने अशी ताणली गेली की टिपेवरून खाली यायलाच तयार नाही. मी वाटभर सगळ्यांना हसवत होतो. भीती वाटली की मी जास्त विनोदी होतो. घरच्यांना हे अजून माहीत आहे. मी फार रंगात आलो की बायको आधी ताप बघते.

वरच्या ठाण्यावर आम्हाला घ्यायला आले ते मुरगूडकडचे एक सुभेदार. दाढीला बर्फ लागलेलं, पण बोलणं थेट बाजारातलं. ‘‘या पावणं. कर्णा लावायचा न्हाय. दिवे न्हाईत. कार्यक्रम दुपारी, टेकाडाच्या आडोशाला. आन् एक ध्यानात ठेवा. मरान, मढं, भूत, यमराज, असला एक बी इनोद नगं. पोरांचं जोडीदार गेल्यात.’’

‘‘न्हाय, न्हाय,’’ राजाभाऊ म्हणाले, ‘‘आमचं सगळं स्वच्छ असतंय.’’

मी सुभेदारांना बाजूला घेऊन दादाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, ‘‘तुमी भाऊ व्हय त्येचं?’’ मग त्यांनी मला तंबूत नेलं, चहा दिला, आणि स्वतःचा चहा हातात धरून सांगितलं. गडहिंग्लजकडचा मल्लू म्हणून एक जवान होता. दादा आणि तो एका ताटात जेवायचे. लढाईत मल्लूला गोळी लागली आणि तो उघड्यावर पडला. दादा दगडाआड. मध्ये जायची सोय नव्हती, मान वर काढली की गोळी. दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दादा त्या दगडाआडून मल्लूशी बोलत राहिला, त्याला झोपू दिलं नाही. अंधारात दोघंतिघं जाऊन मल्लूला घेऊन आले. तोवर तो गेला होता.

‘‘तवापास्नं तुमचा भाऊ बोलत न्हाय,’’ सुभेदार म्हणाले. ‘‘काम करतोय. हुकूम ऐकतोय. पन तोंडातनं अक्षर न्हाय. डॉक्टरसाहेब म्हंत्यात, आता खाली दवाखान्यात धाडायचा, डोक्याच्या वार्डात. मी त्येंना म्हटलं, गावाकडची मंडळी येत्यात, तेवढं हुंद्या.’’

‘‘मी आत्ता भेटतो त्येला.’’

‘‘न्हाय. आदी कार्यक्रम. आदी भेटलास तर तू रडशील, आन् रडका गडी मला तितं उभा नगं.’’

दुपारी आम्ही टेकाडाच्या आडोशाला उभे राहिलो. पुढे जमिनीवर पलटण बसलेली. आणि तेव्हा मला कळलं की आपण कसल्या संकटात आहोत. सगळ्यांच्या अंगात एकसारखे कोट, डोक्यावर एकसारख्या टोप्या, डोळ्यांवर काळे चष्मे, तोंडावर मफलर. त्यांत माझा भाऊ होता आणि मला तो ओळखू येत नव्हता. एका माणसाला हसवायला मी एवढ्या लांब आलो होतो, आणि तो कोणता, हेच कळेना. शैलाताईंनी गाणं म्हटलं. टाळ्या वाजल्या, म्हणजे वाजल्या असाव्यात. जाड हातमोज्यांच्या टाळ्यांना आवाज नसतो. कर्णा नाही, त्यामुळे सूर तोंडातून निघाला की वाऱ्यावर गेला. आमच्या धंद्यात माणूस प्रेक्षकांच्या आवाजावर तरंगतो. इथे तरंगायला पाणीच नव्हतं.

मी पुढे झालो. म्हैस केली. काही खांदे हलले. एसटी केली, गडहिंग्लजच्या घाटात बंद पडणारी. मागच्या बाजूला कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. माझी नजर प्रत्येक चष्म्यावरून फिरत होती. हा असेल? हा हलला का? तो का हलत नाही? बाजूला खुर्चीत बसलेले मोठे साहेब मराठी नव्हते. ते शिष्टाचाराचं हसत होते. मला घाम फुटला. त्या थंडीत. आणि घाबरलेला नकलाकार जे करतो तेच मी केलं. डोकं बंद केलं आणि पाठ असलेलं सोडून दिलं. पदर खोचल्यासारखं केलं, हात तोंडाशी नेला, आणि पोटाच्या तळापासून आईची आरोळी ठोकली.

‘‘आरंऽऽ मुडद्याऽऽ! मेलास का काय तिकडं? ओ दे की!’’

शब्द तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आले. मुडद्या. मेलास का. एका वाक्यात दोन्ही. सुभेदारांचा चेहरा दगड झाला. राजाभाऊंचा हात कीबोर्डवर हवेत राहिला. साहेबांनी वाकून सुभेदारांना हिंदीत विचारलं, काय म्हणाला हा? सुभेदारांनी ऐकू न आल्यासारखं केलं. माझ्या समोर काळे चष्मे, आणि कुणीही हलत नव्हतं. मी रंगमंचावर पुष्कळदा पडलोय, पण जमीन अशी पायाखालून सरकलेली ती एकच वेळ.

मग मधल्या रांगेतून एक आवाज आला, मफलरीतून, बसका. ‘‘ओऽऽ!’’

मी त्या बाजूला मान वळवली. पण तो दादाचा नव्हता. आवाजाची पारख हाच माझा धंदा. तो साताऱ्याकडचा होता. तेवढ्यात उजवीकडून दुसरा, ‘‘ओ, आलो गं आये!’’ मागून, ‘‘ताट वाढ की!’’ आणखी मागून, ‘‘अजून डाव संपला न्हाय!’’ आणि मग सगळीकडून ओ, ओ, ओ. माणसं मफलरी खाली ओढून ओ देत होती, कुणी हसत होतं, कुणी चष्मा काढून डोळे पुसत होतं. सुभेदारांनीही ओ दिली, हळूच, तोंड फिरवून. त्या डोंगरातल्या प्रत्येकाची आई कधी ना कधी तेच ओरडलेली होती. मी मात्र त्या सगळ्या गलक्यात एकच आवाज शोधत होतो, आणि तो नव्हता. आणि तेव्हाच कडेचा एक माणूस उठला आणि पाठ फिरवून चालायला लागला. डावा पाय जरा बाहेर टाकत. दादाच्या या चालण्याची नक्कल मी लहानपणीच केली होती, म्हणून ओळखलं.

मी नक्कल तशीच सोडून धावलो. म्हणजे धावायचा प्रयत्न केला. त्या हवेत माणूस धावत नाही, नुसता तोंड उघडं टाकतो. दादा खेचरांच्या तबेल्यामागे पत्र्याला टेकून उभा होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने चष्मा काढला. डोळे तेच होते, पण बाकीचा चेहरा कुणीतरी घासून बारीक केला होता. बराच वेळ त्याचे ओठ नुसते हलले. मग गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला.

‘‘त्यो शबुद कशाला काढलास?’’

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ‘‘चुकून गेला, दादा.’’

‘‘मी बी तेच म्हनत हुतो त्येला,’’ तो म्हणाला. शब्द एकेक सुटत होते. ‘‘दिवसभर. आपल्या आईच्या आवाजात. झोपू नगंस, मुडद्या. ओ दे की, मुडद्या. त्यो हसायचा. म्हनायचा, इलास, तुझी आई आन् माझी आई एकच हाय बघ. ओ द्यायचा. मी म्हनत ऱ्हायलो, त्यो ओ देत ऱ्हायला. मंग देईना झाला. मी म्हनतच ऱ्हायलो.’’ त्याने माझा कोट धरला. ‘‘सुन्या, मी मुडदा म्हनून म्हनून त्येला मुडदा केला.’’

गुळगुळीत काहीतरी म्हणालो असतो, वेड्यासारखं बोलू नको, वगैरे, तर त्याने तोंड मिटलं असतं ते कायमचं. मी एवढंच म्हटलं, ‘‘आई फोनची वाट बघतीया. चार शब्द बोल तिच्याशी.’’

‘‘न्हाय. आदी मल्लूच्या आईला सांगाय पायजे. तिला सांगितल्याबिगर मी कुठल्या तोंडानं बोलू?’’

मागे सुभेदार येऊन उभे होते. किती ऐकलं कुणास ठाऊक. ‘‘रजेचं मी बघतो,’’ ते म्हणाले. ‘‘डॉक्टरसाहेबांना बी बघतो. पन परत येताना मला बोलनारा गडी पायजे. न्हायतर डॉक्टरसाहेब म्हंत्यात ती दवाखान्याची वाट हाय.’’

दादा रजेवर घरी आला. आईने त्याला ओवाळलं, जेवायला वाढलं, समोर बसून राहिली. त्याने वरण्याच्या दाण्यांची आमटी आणि भाकरी खाल्ली, मान हलवली, हुं म्हणाला. आई माझ्याकडे बघत होती. मी नजर चुकवत होतो, कारण जे खरं सांगायचं होतं ते दादाचं होतं, माझं नव्हतं. सकाळी आम्ही दोघं गडहिंग्लजच्या एसटीत बसलो. गाडीभर दादाचे ओठ हलत होते, पाठांतर करणाऱ्या पोरासारखे. मी खिडकीतून ऊस बघत होतो आणि एकच विचार करत होतो. ती बाई ओरडली तर? तिने कपाळ बडवून घेतलं आणि याला शाप दिला तर? मग हा माणूस कुणाच्या कामाचा राहणार नाही.

गडहिंग्लजहून पुढे दुसरी एसटी, मग पायवाट. मल्लूची आई सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. कपाळावर विभूतीचे पट्टे. दादाचा गणवेश बघून ती क्षणभर थांबली, मग सावरून म्हणाली, ‘‘बा तम्मा, बस.’’ तिकडे ‘ये बाळा’ हे असं कानडीतच म्हणतात, मराठी सगळं येत असलं तरी. तिने आम्हाला पाणी दिलं, गूळ दिला. दादाने गुळाला हात लावला नाही. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सांगायला लागला. मध्ये एकदाही थांबला नाही. दगड सांगितला, ऊन सांगितलं, गोळ्या सांगितल्या. तो शब्द आला तेव्हा त्याने तो गाळला नाही. जसा म्हटला होता तसाच म्हटला, हाकेच्या सुरात. तिच्या बोटांतली शेंग फुटायची राहिली. बाहेर कोंबड्या उकरत होत्या, तेवढाच आवाज.

तिने बोटांतली शेंग फिरवली. मग तिने विचारलं, ‘‘ओ देत हुता?’’

‘‘देत हुता.’’

‘‘प्रत्येक डावाला?’’

‘‘शेवटच्या चार हाका सोडल्या तर प्रत्येक डावाला, आये.’’

तिने शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. ‘‘मी ह्या दारात उभी ऱ्हाऊन घसा फाडायची,’’ ती म्हणाली, ‘‘तेच वरडायची, कानडीत आन् मराठीत, दोन्हीत. पयल्या हाकंला कंदी ओ दिली न्हाय माझ्या पोरानं. मागल्या दारानं पळून जायचा. तुला दिली.’’ तिने पुढची शेंग उचलली. ‘‘मंग कुनाच्या तरी हाकंपाशी हुता. येकला नव्हता.’’

दादाने मान खाली घातली. मला वाटलं, झालं, पुन्हा मिटलं. तिने सूप बाजूला सारलं आणि पुढे सरकून बसली.

‘‘आता मला सांग,’’ ती म्हणाली, ‘‘त्यो तितं काय काय करायचा? जेवायचा कसा? भाकरी मिळायची का? लबाडी कुनाशी करायचा?’’

दादाने तिच्याकडे बघितलं. मग त्याने एक खडा गूळ उचलून तोंडात टाकला. ‘‘लबाडी?’’ तो म्हणाला. ‘‘आये, तुमच्या पोरानं सुभेदारसायबांची पायमोजं कशी पळवली, ते सांगू का?’’

‘‘सांग की!’’

आणि तो सांगायला लागला. पायमोजे झाले, खेचराला घातलेला साहेबांचा मफलर झाला, मल्लूने बर्फात लावलेली मेथी झाली. त्या बाईने पदर तोंडाला लावला होता आणि ती रडत होती की हसत होती, हे सांगता येत नव्हतं. दोन-तीन ठिकाणी मला माहीत होतं की दादा वाढवून सांगतोय, आबांसारखं, आणि एका जागी तर त्याचा सांगण्याचा बेतच चुकत होता, मी असतो तर खेचर आधी आणलं असतं. पण मी मध्ये तोंड घातलं नाही. खाली रस्त्यावर शेवटची एसटी आली, हॉर्न वाजवून थांबली, आणि निघून गेली. दादाचं अजून संपलं नव्हतं.